बाहेरचा बाक

प्रिय ताई,

तुझं नाव मला ठाऊक आहे. कोर्टात पुकारा ऐकून ऐकून आडनावही पाठ झालंय. पण तेच आडनाव तुझ्या मुलाचंही, म्हणून लिहवत नाही. ताईच बरं. थोरली तू की मी, हे आपण कधी विचारलंच नाही.

मी बरी आहे. म्हणजे कामावर जाते. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी येतात, मी घड्या घालते, गठ्ठे वर जातात, मळून परत येतात. मुकादम म्हणतो, मावशी, थोडे दिवस रजा घ्या. घरी बसून काय करू? माझ्या लेकाचे बूट अजून दाराशीच आहेत, ते ओलांडून जाते-येते. रडू येत नाही. भूक लागली की जेवते. सुरुवातीला त्याची लाज वाटायची, आता तीही वाटत नाही.

तो पहिला दिवस आठवतो का गं? कोर्टाच्या बोळातला तो लांबडा बाक, एक पाय आखूड म्हणून खाली पुठ्ठा सरकवलेला. मी भिंतीकडे, तू दाराकडे. तू थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढे केलास आणि विचारलंस, कुणासाठी आलात. मी म्हटलं, मुलासाठी. तू म्हणालीस, मीपण. मला वाटलं, हिचाही गेला. तुला वाटलं, हिचाही तुरुंगात आहे. दोघी एकमेकींची कीव करत चहा प्यायलो. मग पोलीस तुझ्या मुलाला घेऊन आले, जाता जाता त्याने तुला आई म्हणून हाक मारली, आणि माझ्या हातातलं झाकण हातातच राहिलं. माझ्या मुलाला मारणारा तो हाच. मी उठून जायला हवं होतं. पण खरं सांगू, दुसरीकडे बसायला जागाच नव्हती.

आणि आत मला कुणी घेत नव्हतं. भांडण पेटलं तेव्हा माझ्या मुलाने मला फोन केला होता, म्हणून मी साक्षीदार. आणि साक्ष होईपर्यंत साक्षीदाराने आतलं ऐकायचं नाही म्हणे. साक्षीची पाळी तर लांबतच गेली. मेलेल्याची आई बाहेर आणि मारणाऱ्याची आई आत, असा सगळा उफराटा कारभार. तारीख पुढे गेली तरी मला कुणी कळवायचं नाही. तूच सांगायचीस. मधल्या सुट्टीत बाहेर यायचीस, बेकरीतून आणलेला बिस्किटांचा चुरा मध्ये ठेवायचीस आणि आत काय झालं ते जसंच्या तसं सांगायचीस. शिपाई ऐकू येऊनही दुसरीकडे बघायचा. तुझ्या मुलाच्या अंगाशी येणारं असलं तरी तू गाळलं नाहीस. डॉक्टर म्हणाले, वार पाठीमागून झाला, तेही सांगितलंस. आणि ज्याच्या टपरीसमोर सगळं घडलं तो पानवाला साक्षीला आला त्या दिवशी म्हणालीस, तुमचा पाणी मागत होता, आणि माझा बघत उभा होता. तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं नाही. पण हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं.

मग घटनेत ते नवीन कलम आलं. सरकारी वकीलबाईंनी मला वाचून दाखवलं. ज्याच्यावर गुन्हा घडला त्याच्या माणसांना सगळं कळण्याचा हक्क, आत बसण्याचा हक्क, बोलण्याचा हक्क. बाईंचे डोळे भरून आले होते, मी आपली बरं म्हटलं. मला आत खुर्ची मिळाली. पंखा एवढा घरघरतो की काही ऐकू येत नाही, आणि वकील स्वतःच्या शर्टाशी बोलल्यासारखे बोलतात. तुझ्याकडून जेवढं कळायचं त्याच्या निम्मंही कळेना. शिवाय तू त्या बाजूला, मी या बाजूला. बाहेर आल्यावर आपली माणसं आपल्याला वेगवेगळ्या जिन्यांनी घेऊन जातात. त्या बाकावर आता कुणी तिसरंच बसतं.

गुन्हा शाबीत झाला तेव्हा तू पदर तोंडात धरलास, ते मी पाहिलं. मला बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. घरी येऊन भात टाकला.

आता जे सांगायला बसले ते सांगते. सोमवारी शिक्षा ठरेल. त्याआधी न्यायाधीश मला बोलायला सांगतील, तो आता माझा हक्क आहे. तुमच्या वकिलाने निरोप धाडलाय की मेलेल्याची आई दोन शब्द मायेचे बोलली तर वर्षं कमी होतील. तू स्वतः कधी काही मागितलं नाहीस, म्हणून तुला आधी माझ्याकडून कळावं. मी पुरी शिक्षा मागणार आहे, कायद्यात असेल तेवढी. पाण्याचंही बोलणार आहे. तू त्या दिवशी आत येऊ नकोस, ताई. बाकावर बस, माझ्या जागेवर, भिंतीकडे. तिथे पाठ टेकता येते. झालं की मी बाहेर येईन आणि काय ठरलं ते सांगेन. काही गाळणार नाही. चहा या वेळी मी आणते.

तुझीच,
भिंतीकडची