खाकरले तरी पदर घेऊ नये

मी, रुपचंद वेडू पाटील, धंदा शेती, तालुका शिंदखेडे, जिल्हा पश्चिम खानदेश, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाशिवाय आणि मंजुळाबाईच्या हातचे भरीत थोडेच पण चवीने खाऊन हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. माझ्या फुफ्फुसात कर्करोग आहे, हे धुळ्याच्या डॉक्टरांनी फोटोची प्लेट उजेडात धरून मला दाखवले. स्वतःच्या छातीच्या आत डोकावण्याचा मान गावात पहिला मला मिळाला, त्यामुळे हल्ली मी जरा चढूनच आहे.

कलम १. राहते घर, भांडीकुंडी व शेवटचा शब्द पत्नी मंजुळाबाई हिचा. शेवटचा शब्द आजवरही तिच्याचकडे होता, फक्त कागद नव्हता.

कलम २. गावाकडची जमीन मुलगा वना यास. बांधावरचे बोरीचे झाड त्याने तोडू नये, नाहीतर मी वरून खाली येऊन भांडेन.

कलम ३. सोन्याची अंगठी सुनबाई कुंदा हिला. ती सोनाराकडून कापून घ्यावी लागेल. अंग वाळल्याने ती बुडाशी गरगर फिरते, पण बोटांची टोके व नखे फुगल्याने बाहेर निघत नाही. छातीतला रोग नखांत दिसतो म्हणे, डॉक्टरांनी छातीला नळी लावण्याआधी माझी नखेच पाहिली.

अंगठी कुंदालाच का, ते वनाने विचारू नये, येथेच सांगतो. सासऱ्याने खाकरावे आणि सुनेने पदर घ्यावा, ही आमच्या घरची रीत. वैशाखातल्या आखाजीच्या सणापासून मला खोकला लागला. मी ओसरीवर खोकलो की आत पदर, गोठ्यात खोकलो की पदर. बिचारीची मान आखडली, पण भाकरी थापतानाही पदर ढळला नाही. मीही आपला रुबाब समजून जास्तच खोकत होतो! सगळ्या घराला वाटे, मामंजी येताहेत. मामंजी जाताहेत, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

मग आवाज घोगरा झाला. मोटेवर गाणे म्हटले की बैल मागे वळून पाहत, कोण हा परका माणूस म्हणून. खांदा दुखे, तो मोटेच्या नाड्यावर ढकलला. विहिरीचा चढ चढताना धाप लागे, ती वयावर. थुंकीत लाल दिसले, ते पानावर. शेवटी कुंदाने पदर मागे सारून माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "मामंजी, आज तुम्ही पान खादं नही. हाई रगत शे." तिनेच गाडी जुंपायला लावली. डॉक्टरांनी थुंकी तपासली, क्षय नव्हता. लवकर आला असता तर मुंबईस पाठवून पाहिले असते, म्हणाले.

कलम ४. उरलेल्या खोकल्याच्या गोळ्या बन्सीलाल दुकानदारास परत. "खोकला म्हणजे घरात पुरुष शे," असे म्हणून त्यानेच त्या दिल्या होत्या. त्याने माझ्या तेराव्याला सगळ्यांसमोर चघळाव्यात.

कलम ५. नदीकाठचे शेत, विहीर, मोट व बैलजोडी धाकटा भाऊ मगन यास. अट एकच. दसऱ्यापासून तोही खोकतो आहे आणि चिलीम आम्ही दोघांनी एकच ओढली. त्याने धुळ्यास जाऊन प्लेट काढावी. मी सांगितले तर म्हणतो, "भाऊ, माले काय व्हयनं? मी ते फक्त खाकरी ऱ्हायनू." प्लेट निघेपर्यंत त्याने बैलांना चारा घालावा, पण कासऱ्याला हात लावू नये. माझ्या मरणाचे मला फारसे वाटत नाही, मगनच्या खोकल्याचे मात्र फार भय वाटते. हे मी तोंडाने कधी बोललो नसतो.

कलम ६. चिलीम माझ्या देखत फोडावी. यापुढे या घरात कोणी पुरुष खाकरला तर सुनांनी पदर घेऊ नये. बाहेर येऊन त्याचे तोंड पाहावे.

वरील मजकूर वाचून पाहिला, तो माझाच आहे.

सही : रुपचंद वेडू पाटील
साक्षीदार : १. बन्सीलाल (कलम ४ ऐकूनही सही केली, माणूस दिलदार आहे) २. मगन वेडू पाटील
ठिकाण : आमची ओसरी. दि. १२ डिसेंबर १९४६

सही झाल्यावरची भर : मगनने सही करून चार वेळा वाईट खोकून घेतले. आत पदराची सळसळ झाली नाही. कुंदा पदर न घेता बाहेर आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "नाना, गाडी जुपेल शे." मगनने माझ्याकडे पाहिले. मी कलम पाचकडे बोट दाखवले. तो आत्ताच गाडीत बसला आहे, कासरा वनाच्या हातात आहे. पुन्हा सही करतो.

रुपचंद वेडू पाटील