तुटलेली भुवई

क्योतो, ९ नोव्हेंबर

प्रिय कियोए वहिनी,

तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या बहिणीचा, फुसाएताईंचा, खोकला थांबला का? त्यांचे यजमान अजून पहाटे गळ टाकायला जातात का? मी ठणठणीत. सोलून वाळायला टांगलेली काकीची फळं निम्मी कावळ्यांनी नेली, एवढंच.

काम चालू आहे. म्हणजे, चालू होतं. गेल्या आठवड्यापासून जीव थाऱ्यावर नाही.

डोंगरावरच्या देवळातलं करुणेच्या देवीचं, कान्नोनचं, रेशमी चित्र दुरुस्तीला आलंय. हो, पूर्वी दादाने दुरुस्त केलं होतं तेच. पुजाऱ्यांनी विधी करून चित्रातली देवी उतरवून घेतली आणि म्हणाले, "आता नुसतं रेशीम. बिनधास्त काढा फोटो."

जांभळ्या दिव्याखाली देवीचे हात दुधासारखे उजळले, चेहरा काळपट राहिला. म्हणजे चेहऱ्याचा रंग अलीकडचा. अवरक्त फोटोत त्याखाली जुन्या शाईची एक रेघ नाही. मूळ चेहरा केव्हाच झडलाय.

आमच्या कार्यशाळेच्या मुख्य, सावारागीबाई, म्हणाल्या, "काका, हा चेहरा धुवावा लागणार. कोण शहाणा होता हा?"

झडलं ते पुन्हा रेखाटायचं नाही, हा आपल्या कामातला नियम. दादा त्यावरून पोरांना धपाटे घालायचा. चेहरा धुतला की तिथे कोरं रेशीम उरेल.

डाव्या भुवईत फट आहे. सगळ्यांना वाटायचं, रंग उडाला. मी कडेने उजेड टाकून फोटो घेतला. रंग कुठेच उडालेला नाही. कुंचला तिथे मुद्दाम उचललाय.

वहिनी, तुमची सायो विहिरीच्या कठड्यावर आपटली तेव्हा कोणती भुवई फुटली होती, ते मी तुम्हाला काय सांगू?

पोर गेली आणि दादा रडला नाही. सुतकातही कामाच्या खोलीत जाऊन बसायचा. दगड म्हणालात त्याला, आणि घर सोडलंत. आम्हीही दगडच म्हणालो. तो आत बसून हे करत होता. मोठी झाली असती तर सायो जशी दिसली असती, तशी आहे ती.

काल सावारागीबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नियम मोडणार नाही, काका. पण तिची आई बघून जाईपर्यंत ओला कुंचला लावणार नाही."

फोटो पाकिटात घातला होता, परत काढला. तुम्ही समोर उभं राहून बघावं.

कोणत्या गाडीने येता, ते लवकर लिहा. येणार नसाल तर तेही लिहा, म्हणजे पोरीला शेवटचा निरोप मी देईन.

तुमचा दीर,
सादाकिची