त्रुटी क्रमांक चार : नाते

प्रति,
मा. सदस्य सचिव,
नवोदित संशोधक अधिछात्रवृत्ती समिती (फौजदारी न्याय),
विभागीय कक्ष, सातारा.

अर्जदार : कु. पायल धोंडिराम चंदनशिवे, वय ३४ वर्षे ११ महिने, व्यवसाय संशोधन (विनावेतन), मूळ रा. ता. आटपाडी, सध्या रा. मिरज.

विषय : ‘अर्जदार ही अभ्यासाधीन कैद्याची बहीण असल्याचे अभिलेखावरून दिसते’ या त्रुटीच्या पूर्ततेबाबत.

संदर्भ : १) मूळ अर्ज दि. १२ जून २०२३. २) आपली त्रुटिपत्रे क्र. १ ते ४. ३) आपल्या कक्षात प्रत्यक्ष भेटी, एकूण नऊ.

महोदय,

१. प्रारंभी एक खुलासा. हा अर्ज अर्जदार स्वतःच्याच हाताने लिहीत असूनही स्वतःला ‘अर्जदार’ म्हणत आहे. आपल्या त्रुटिपत्र क्र. २ मध्ये ‘अर्जात मी हा शब्द अकरा ठिकाणी आला असून तो वस्तुनिष्ठतेस बाधक आहे’ असा शेरा होता. तेव्हापासून अर्जदाराने ‘मी’ सोडला तो सोडलाच. परवा भाजीवाल्याला पत्ता सांगतानाही ‘सदर अर्जदार’ तोंडात आले. असो.

२. अर्जदाराच्या अभ्यासाचा विषय असा : ज्यांना न्यायालयाने जामीन मंजूर केला, परंतु जामीन राहायला बाहेर एकही माणूस नाही, म्हणून जे आतच राहिले, असे सांगली व सातारा जिल्ह्यांतील कच्चे कैदी. त्रुटिपत्र क्र. १ नुसार ‘कच्चे कैदी’ हा शब्द बोलीतला असल्याने तेथे ‘न्यायाधीन बंदी’ असा बदल केला. त्रुटिपत्र क्र. ३ नुसार बदललेले शीर्षक मूळ अर्जाशी जुळत नव्हते, म्हणून ते पुन्हा ‘कच्चे कैदी’ केले. यात सतरा महिने गेले. एवढ्या दिवसांत कच्चे होते ते पिकले असतील, असे आपल्या कक्षातील लिपिक श्री. हंबीरराव म्हणाले. अर्जदार हसली. पहाटेच्या एसटीने मिरजेहून साताऱ्याला येऊन दुसरे काही करण्यासारखे नव्हते. श्री. हंबीरराव यांच्याविषयी तक्रार नाही, दर खेपेस स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी त्यांनी पुढे केली आहे, हेही अभिलेखावर यावे.

३. आता त्रुटी क्र. ४. क्षेत्रकाम खरोखर केले याचा पुरावा म्हणून आपण कारागृहाच्या भेट नोंदवहीची साक्षांकित प्रत मागितली, ती अर्जदाराने आणून दिली. त्या प्रतीत हरिबा नावाच्या कैद्यासमोर, ‘भेटीस आलेल्याचे नाते’ या रकान्यात, ‘बहीण’ असे लिहिलेले आढळले. तेही एकतीस वेळा. त्यावरून अर्जदाराचा हितसंबंध असल्याचा निष्कर्ष समितीने काढला.

४. ही नोंद कशी झाली ते सांगणे भाग आहे. हरिबा हा जतच्या बाजूचा, सीमेवरचा माणूस. सांगलीत हळदीच्या पेठेत हमाली करत होता. पोती चोरल्याच्या आरोपावरून आत आहे. आरोप खरा की खोटा हे अर्जदारास ठाऊक नाही, ते ठरवणे न्यायालयाचे काम. जामीन ऑगस्ट २०२२ मध्येच मंजूर आहे. त्याच्या भागात कोणत्याही बाईला, मग ती वयाने लहान का असेना, ‘अक्का’ म्हणतात. पहिल्या भेटीच्या दिवशी जाळीपलीकडून तो म्हणाला, “अक्का, तुमी कुनाकडं आलाय?” नोंदवही घेऊन बसलेले हवालदार श्री. जोतीराम यांनी ते ऐकले. रकाना मोकळा ठेवायचा नसतो आणि त्यात ‘संशोधक’ असे नाते बसत नाही. त्यांनी ‘बहीण’ लिहिले. पुढे तीस वेळा वरचे पाहून खाली लिहिले गेले. अर्जदाराने सही करताना वाचले नाही, ही चूक अर्जदाराची.

५. चूक दुरुस्त करण्यासाठी अर्जदार प्रथम श्री. जोतीराम यांच्याकडे गेली. ते म्हणाले, “म्याडम, वहीत खाडाखोड चालत न्हाई. आन् आमी तर चांगलंच लिवलंय, वाईट काय लिवलंय?” नंतर गावी जाऊन तलाठी भाऊसाहेबांकडे ‘हरिबाची बहीण नसल्याचा दाखला’ मागितला. त्यांनी अर्ज दोनदा वाचून परत दिला. “नातं हाय म्हणून दाखला देता येतो. न्हाई म्हणून द्यायला लागलो तर उद्या अख्खा तालुका रांगेत उभा ऱ्हाईल,” असे त्यांचे म्हणणे पडले. ते अर्जदारास पटले, हीच अडचण आहे.

मग वंशावळीचे प्रतिज्ञापत्र केले. त्यात अर्जदाराचा एकच भाऊ, प्रशांत, सैन्यात असल्याचे नमूद आहे. त्यावर आपल्या कक्षाचा शेरा आला की, प्रशांत हा भाऊ आहे एवढेच यावरून सिद्ध होते, हरिबा भाऊ नाही हे होत नाही. हा शेरा फोनवर वाचून दाखवला तेव्हा प्रशांत बराच वेळ हसत होता. “मला न इचारता भाऊ वाढवलास व्हय? आता वाटणीला तोबी येणार म्हण की.” चार महिन्यांत त्याच्याशी झालेले एवढेच हसण्याचे बोलणे, म्हणून येथे लिहिले. नियमात बसत नसल्यास वगळावे.

६. अखेरीस आपल्या कक्षाने मार्ग सुचवला की, खुद्द कैद्याचाच जबाब आणावा : ‘सदर महिला माझी कोणी नाही.’ खाली त्याचा अंगठा, बाजूला कारागृह अधिकाऱ्याची सही. हा मार्ग सोपा होता. दि. १० फेब्रुवारी रोजी अर्जदार टाइप केलेला कागद घेऊन गेली. हरिबाला वाचता येत नाही, म्हणून तो वाचून दाखवावा लागला. ‘माझी कोणी नाही’ हे वाक्य अर्जदाराने जरा घाईने वाचले.

त्याने कारणही विचारले नाही. “तुमचं काम हुतंय न्हवं अक्का? मग घ्या,” म्हणत शाईच्या डबीवर अंगठा टेकवला आणि दिला. अर्जदार कागद घडी करून पिशवीत ठेवत असताना त्याने एवढेच विचारले, “मग आता मी फोन कुनाला करू?”

७. महोदय, या प्रश्नाचा संदर्भ असा. कैद्यास आठवड्यातून काही मिनिटे फोन करता येतो, तो नोंदलेल्या नातेवाइकालाच. हरिबाच्या यादीत एकच क्रमांक आहे आणि तो अर्जदाराचा. नाते खोडले की क्रमांकही जातो. सुरुवातीला ही बोलणी अर्जदार वहीत उतरवून घेत असे. जेवणात काय होते, दाढ दुखते का, पेठेत नवी हळद आली का. साधारण वर्षापूर्वी उतरवणे बंद झाले. केव्हा व का, याची नोंद नाही. शनिवारी साडेअकराच्या सुमारास अर्जदार हातातले काम ठेवून फोनपाशी बसते, एवढे खरे.

८. तो अंगठ्याचा कागद घेऊन अर्जदार आईकडे, श्रीमती मनुबाई यांच्याकडे, गावी गेली. अभ्यास नेमका कशाचा, हे आईला प्रथमच नीट सांगितले : जामीन झालाय, पण जामीन राहायला माणूस नाही म्हणून माणसे आत आहेत. आईने हातातले निवडणे थांबवले आणि विचारले, “आन् तू अडीच वर्सं त्येला बघून वहीत लिवत बसलीस व्हय?”

अभ्यासकाने अभ्यासविषयात हात घालू नये, असे अर्जदारास शिकवले गेले होते व ते तिने निष्ठेने पाळले. हरिबाचे आतले दिवस तिने मोजले, त्यांचा तक्ता केला, तो तक्ता दोन परिसंवादांत दाखवला, टाळ्याही मिळाल्या. जामीन राहण्यास नाते लागत नाही, सातबारा चालतो, हे तिच्याच प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात लिहिलेले आहे. आईच्या नावावर दीड एकर जिरायत आहे, हेही तिला माहीत होते. दोन्ही गोष्टी एका ओळीत कधी आल्या नाहीत. याची अर्जदारास लाज वाटते. लाजेसाठी आपल्या नमुन्यात रकाना नाही, म्हणून येथे लिहिले.

९. सबब, आई दि. २४ फेब्रुवारी रोजी न्यायालयात हरिबास जामीन राहणार आहे. उतारा निघाला आहे. तो सुटल्यास अर्जदाराच्या नमुन्यातील एक कैदी कमी होईल आणि हितसंबंधाचा आक्षेप पूर्वी चुकीचा होता तो आता खरा ठरेल. दि. २ मार्च रोजी अर्जदारास पस्तीस वर्षे पूर्ण होतात. त्यानंतर आपल्या नियमानुसार ती नवोदित राहत नाही, म्हणजे ही शेवटची संधी आहे. अर्जदारास अधिछात्रवृत्ती हवी आहे. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्याच्या कारखान्यावरच्या खोलीत शिकवण्या घेऊन हा अभ्यास तिने येथवर ओढत आणला, पुढे तो असा ओढवणार नाही. हे विनंती म्हणून नव्हे, माहिती म्हणून कळवले आहे.

१०. त्रुटी क्र. ४ मध्ये विचारले आहे : ‘अर्जदाराचा सदर कैद्याशी संबंध आहे किंवा कसे?’ या एका उत्तरापुरती वस्तुनिष्ठतेतून सूट मिळावी.

होय, आहे. मी त्याची बहीण नाही. पण शनिवारी त्याचा फोन येतो, तो मी उचलते. ‘कोणी नाही’ असे मला लिहून देता येणार नाही, आणि त्याने दिले असले तरी मला ते वापरता येणार नाही.

नोंद आहे तशी राहू द्यावी व अर्जाचा निर्णय त्यासह करावा. नामंजूर झाल्यास टपालाने कळवावे, दहाव्यांदा साताऱ्यास बोलावू नये. श्री. हंबीरराव यांना नमस्कार सांगावा.

कळावे, थकलेली तरी आपली नम्र,

(सही)
पायल धोंडिराम चंदनशिवे
मिरज, दि. १७ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) त्रुटिपत्रे क्र. १ ते ४ च्या छायाप्रती.
२) भेट नोंदवहीची साक्षांकित प्रत, पाने ३१.
३) वंशावळीचे प्रतिज्ञापत्र.
४) जन्मतारखेचा दाखला.
५) हरिबा यांचा अंगठा असलेला जबाब : फाडला, सबब जोडलेला नाही.