भोंग्याबद्दलचा अर्ज

सर, शाळेमागच्या मशिदीवरचा भोंगा उतरवून आता तीन आठवडे झाले. दुपारी वाकोल्यात रिक्षांचे हॉर्न, कुणाचा मिक्सर, कुणाची ड्रिल, सगळं तसंच आहे. तेवढा एक आवाज नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटत काहीच नाही. जेवतो, ताट विसळतो आणि खिडकीशी बसून तुम्ही पाठ करून घेतलेल्या कविता मनातल्या मनात म्हणतो.

तुमचा कवितेचा तास आणि दुपारची अजान एकाच वेळी यायची. तुम्ही ओळ अर्ध्यावर सोडून खडू टेबलावर ठेवायचात, आणि आम्ही पन्नास जण त्या अर्ध्या ओळीत गप्प बसून. अजान संपली की खडू उचलून त्याच शब्दापासून पुढे. एकदा मीच विचारलं, "सर, तुमच्यात मोठं कोण, अल्ला की सरकार?" वर्ग गार पडला. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "अल्लाचं बोलावणं आलं की नमाज पढतो, सरकारचं आलं की जनगणनेला जातो. दोघांनी अजून एकमेकांच्या वह्या तपासायला मागितलेल्या नाहीत रे."

तुम्ही मशिदीच्या कमिटीवर होतात. निवडणुकीत एक उमेदवार जुम्म्याच्या नमाजानंतर दारात आला, माईक मागायला. कमिटीतले दोघं द्यायलाही निघाले होते. मी तुम्हाला स्पर्धेची कविता म्हणून दाखवायला आलेलो, पायरीशी उभा. तुम्ही म्हणालात, "या भोंग्यावर वेळ सांगतात, मतं मागत नाहीत." त्याचा माणूस गुरगुरला, "मास्तर, उद्या सरकारात आमच्याकडेच काम पडेल हां!" "पडलं तर अर्ज लिहीन. अर्ज मला चांगला येतो." कमिटीतले ते दोघं पुढे महिनाभर तुमच्यावर फुगून होते.

अर्ज मलाही तुम्हीच शिकवलात. उजवीकडे दिनांक, विषय एका ओळीत, रागाचं विशेषण एकही नको. मागे सोसायटीचा सेक्रेटरी घरी आला. "काका, भोंग्याची तक्रार द्यायचीय पोलीस स्टेशनला. तुमचं मराठी एक नंबर ना, तुम्हीच लिहा." जबरदस्ती नव्हती. मला त्या आवाजाचा त्रासही नव्हता. कुणीतरी माझं मराठी मागितलं, एवढंच. खाली सह्या सगळ्यांच्या, अक्षर माझं. आठवड्याभरात पोलिसांनी कमिटीला बोलावून आवाजाचा नियम वाचून दाखवला, आणि कमिटीने भोंगा आपणहून उतरवला. नीट लिहिलेला अर्ज सरकार ऐकतं, असं तुम्ही म्हणायचात. ऐकलं.

परवा बेकरीपाशी तुमचा मुलगा भेटला. आता कमिटीवर तो आहे. म्हणाला, "काका, अजान आता मोबाइलवर ऐकतो आम्ही. पण तो अर्ज बघायला हवा होता तुम्ही! शुद्धलेखनाची एक चूक नाही. अब्बा असते ना, दहापैकी दहा दिले असते." तो हसला. मीही हसलो. चहा त्यानेच पाजला.

हे पत्र कवितांच्या जुन्या वहीत ठेवून देणार आहे. एक तेवढं सांगतो. अर्ज लिहायला बसलो त्या दुपारी 'ध्वनिक्षेपक' हा शब्द अर्धा झाला होता आणि अजान सुरू झाली. हात आपोआप थांबला. पेन टेबलावर ठेवलं. अजान संपली, तसं उचललं आणि त्याच शब्दापासून पुढे लिहिलं.