जिचं नाव घेत नाहीत ती राणी

७ जानेवारी
आजपासून रोजनिशी. नियम एकच, फक्त वस्तुस्थिती लिहायची. तर वस्तुस्थिती अशी की नेपल्समधल्या आमच्या थिएटरने ‘आदोसिंदा’ करायचं नक्की केलं. पहिला प्रयोग मार्चमध्ये. बारा वर्षं मी या ऑपेराच्या मागे आहे. शाळेत इतिहास शिकवून उरतो तो सगळा वेळ तिचा. बायको, नुन्झिया, म्हणते, एखादी जिवंत बाई असती तर मी कधीच बॅग भरली असती. पण ही पडली राणी, त्यातून डोकं उडवलेली, तिच्याशी काय भांडायचं?
संचालक बारोने यांनी मला सल्लागार नेमलं. पहिल्या रात्री तुम्ही प्रेक्षागृहातल्या माझ्या राखीव बॉक्समध्ये, माझ्या शेजारी, असं म्हणाले. मीच त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. माझे वडील याच थिएटरच्या कोरसमध्ये आयुष्यभर भाला धरून उभे राहिले. बॉक्सकडे बोट दाखवून म्हणायचे, एउजेनियो, तिथून आम्ही कसे दिसतो ते एकदा बघायचंय. राहून गेलं.

८ जानेवारी
प्रयोगांचा इतिहास लिहायला घेतला. गोष्ट साधी आहे. राणी निर्दोष, राजाचं मन दुसरीवर, शेवटच्या अंकात शिरच्छेद. पहिला प्रयोग १८३४, इथेच. ऐन वेळी राजाच्या सेन्सॉरने सांगितलं की राणीचं डोकं रंगमंचावर उडवायचं नाही, लोकांना सवय लागेल. मग राणीची झाली गिरणीवाल्याची बायको, आणि शिरच्छेदाऐवजी तिची पाठवणी माहेरी. संगीत मात्र तेच. बाई माहेरी निघाल्यात आणि मरणाचं गाणं संपतच नाही. लोक इतके हसले की पडदा पाडावा लागला.
१८७२: झुंबर पडलं. १९२६: टेनरचा, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या नायकाचा, आवाज बसला. १९५७: मध्यंतरात राणी राजाबरोबर, म्हणजे सोप्रानो बॅरिटोनबरोबर, पळून गेली. थोडक्यात, राणीचं डोकं उडेपर्यंत ऑपेरा एकदाही पोचलेला नाही. प्रत्येक घटनेला नैसर्गिक कारण आहे. तशा तळटिपा दिल्या.

१५ जानेवारी
पहिली बैठक. थिएटरमध्ये कोणी ‘आदोसिंदा’ म्हणत नाही. ‘ती’ म्हणतात. अपशकुनी म्हणे. रंगमंचाचे प्रमुख दॉन आनिएल्लो तर ‘ती’सुद्धा कुजबुजत म्हणतात. सुशिक्षित माणसाने कुठेतरी सुरुवात करायला हवी. मी उभा राहून स्पष्ट, मोठ्याने नाव घेतलं. अपशकुन टळावा म्हणून टेबलाखाली सगळ्यांचे हात खुर्च्यांच्या लोखंडी पायांना जाऊन भिडले. तेवढ्यात दिवा गेला.
मी म्हणालो, जुनं वायरिंग. दॉन आनिएल्लो म्हणाले, प्रोफेसर (आमच्याकडे शाळामास्तरही प्रोफेसरच), वायरिंग ऑगस्टमध्येच नवं केलंय. मी म्हणालो, मग नवं वायरिंग.

२९ जानेवारी
गायकाला आमच्याकडे ‘शुभेच्छा’ म्हणत नाहीत, ‘लांडग्याच्या तोंडात जा’ म्हणतात. आज तालमीआधी मी टेनर स्कोन्यामिल्योचा हात हातात घेऊन सरळ ‘शुभेच्छा’ म्हणालो. शब्दांनी काही होत नसतं. तो पांढराफटक पडला. बिचारा अशिक्षित नाही, पण भित्रा.

३१ जानेवारी
स्कोन्यामिल्योला गालगुंड. दोन्ही बाजूंनी. त्याच्या मुलाने शाळेतून आणलं, हे उघड आहे.
प्रामाणिकपणे लिहायचं तर जेवताना मन खात होतं. नुन्झियाचं औषधांचं दुकान आहे, तिला विचारलं की गालगुंड अंगात किती दिवस आधी शिरतं. दोन-तीन आठवडे, म्हणाली. म्हणजे माझ्या शुभेच्छांच्या आधीच. खात्रीसाठी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, पास्ता गार होतोय, आणि तो मात्र तुझ्यामुळेच.

१२ फेब्रुवारी
थिएटरात जांभळा रंग चालत नाही. पूर्वी चर्चच्या उपवासाच्या दिवसांत पाद्री जांभळं घालत, थिएटरं बंद असत आणि नट उपाशी मरत. कारण साफ ऐतिहासिक आहे. म्हणून आज मुद्दाम जांभळा मफलर घालून गेलो. प्रयोग म्हणून.
वधमंचाचा जिना कोसळला. वर फक्त जल्लाद होता, त्याचा घोटा मुरगळला. जिन्याला टेकून उभा मी होतो हे मान्य. पण टेकणं वेगळं आणि पाडणं वेगळं. सुताराशी बोललो. तो माझ्याशी बोलला नाही.

२० फेब्रुवारी
नवा टेनर आला. मी आत शिरलो की हल्ली सगळीकडे किल्ल्या वाजतात. खिशात, पर्समध्ये. व्हायोलिनवाले म्युझिक-स्टँडचे दांडे धरतात. नेपल्समध्ये जन्म गेला, लोखंडाला कशासाठी शिवतात हे मला कोणी शिकवायला नको. राणीची धास्ती! मी सल्लागार, साहजिकच मला पाहिलं की त्यांना ती आठवते.

२४ फेब्रुवारी
पडताळणी केली. आज ऑपेराविषयी चकार शब्द न काढता थिएटरच्या कॅन्टीनमध्ये फक्त कॉफी घेतली. हवापाण्याच्या गप्पा मारल्या. तरी किल्ल्या. काउंटरवरच्या कोन्चेत्ताबाईंनी तर कॉफीचं मशीनच कवटाळलं, हात भाजला. राणीने या लोकांच्या डोक्यात किती घर केलंय! कोन्चेत्ताबाईंसाठी नुन्झियाकडून मलम आणलं. त्यांनी ते चिमट्याने घेतलं.

२ मार्च
मोठा विजय. कंडक्टर साहेब, माएस्त्रो इझ्झो, मला बाजूला घेऊन म्हणाले, प्रोफेसर, खरं सांगू? ‘ती’च्यात काही खोट नाही. आम्ही सगळे आता मानतो, बाई बिचारी साफ निर्दोष आहे. हे बोलताना ते रेडिएटरला टेकून होते. तापलेला होता, तरी.
एक माणूस तर अंधश्रद्धेतून सुटला. घरी येऊन नुन्झियाला सांगितलं. ती म्हणाली, आज मी तुझ्या आवडीची वांगी करते.
वांगी कशाबद्दल ते कळलं नाही.

९ मार्च
आमची राणी, सिन्योरा लोफ्रेदो. काल तालीम ऐकून भारावलो. त्यांच्या मेकअपरूमच्या दारातून म्हटलं, काय आवाज आहे हो तुमचा, असा आवाज मी जन्मात ऐकला नाही! आतून किंकाळी आली. आज आवाज गेला. घशातून नुसती हवा येते.
कोरसमधल्या बायका म्हणतात, दृष्ट लागली. कोणाची, ते सांगत नाहीत.
राणीचं काम आता त्यांच्या बदलीच्या मुलीकडे, रोझाल्बाकडे. ती मला पाहून बाथरूममध्ये लपली. माझं काही चुकतंय का? सगळं तपासून पाहिलं. मी कोणाचं वाईट चिंतलेलं नाही. शुभेच्छा दिल्या, कौतुक केलं, मलम दिलं.

१४ मार्च
सन्मान! त्रिएस्तेला ‘आदोसिंदा’वर व्याख्यान. थिएटरने खास माझं नाव सुचवलं, जायची-यायची, राहायची सगळी सोय. त्रिएस्ते म्हणजे देशाचं पार दुसरं टोक, याहून पुढे पाठवायचं तर पासपोर्ट लागला असता.

१५ मार्च
व्याख्यानाची तारीख नीट पाहिली. पहिल्या प्रयोगाचीच. बारोनेंची नजरचूक दाखवायला गेलो. त्यांचा एक हात खिशात. खिसा छनछनत होता. मी म्हणालो, त्या रात्री मी तुमच्या बॉक्समध्ये आहे. ते म्हणाले, प्रोफेसर, तुम्ही शिकलेले आहात, मी शिकलेला आहे, आपला कशावरही विश्वास नाही. पण कलाकार लेकरं असतात. मी म्हणालो, लेकरांना समजावू, ऑपेरा अपशकुनी नाही.
ते म्हणाले, ऑपेरा नाहीच हो.
खिसा थांबला. मग जोरात वाजायला लागला.
चालत घरी आलो. वाटेत भाजीवाल्याने तराजू धरला. तो कालही धरत असेल. मी बघितलं नव्हतं.

१६ मार्च
मूर्खपणा आहे. मी अपशकुनी असेन तर शाळेतल्या मुलांचं काय? पोरं पास होतात. बहुतेक. आमच्या लग्नात पाद्री पडला होता, पण पायरी ओली होती.
नुन्झियाला विचारलं, तुला कधीपासून माहीत? म्हणाली, वेडा आहेस का, मी असलं काही मानत नाही. स्वयंपाकघराच्या दारावर लाल पोवळ्याचं शिंग टांगलेलं दिसलं, दृष्ट लागू नये म्हणून टांगतात ते. म्हणाली, शोभेचं आहे.

१९ मार्च
त्रिएस्तेला नकार कळवला. जायचं तर बॉक्समध्येच जायचं. मी बसतो, ऑपेरा शेवटापर्यंत होतो, राणीचं डोकं उडतं, राणी सुटते आणि मीही सुटतो. ठाम निर्णय. काळा सूट इस्त्रीला दिला.
इस्त्रीवाल्याने फोन करून सांगितलं की सूट जळाला. माझा आवाज ऐकून फोनही कटला.

२१ मार्च
दॉन आनिएल्लो घरी आले. दारात उभे, टोपी हातात, कडीवर बोट. म्हणाले, प्रोफेसर, तुमचे वडील माझे दोस्त होते म्हणून आलो. रोझाल्बा चोवीस वर्षांची आहे, पहिली मोठी संधी. तुम्ही बॉक्समध्ये दिसलात तर तिच्या घशातून शब्द फुटणार नाही. तुम्ही काही करता असं मी म्हणत नाही हो. पण पोरीने तुमच्याकडे पाहिलं की काम तमाम.
हा मुद्दा मात्र शास्त्रीय आहे. भीतीने घसा आवळतो, याला अपशकुन लागत नाही. तेव्हा मी घरी राहणार, ते अंधश्रद्धेमुळे नाही, तर शरीरशास्त्रामुळे. हे इथे स्वच्छ लिहून ठेवतो.

२२ मार्च, संध्याकाळ
स्वयंपाकघरात बसलोय. नुन्झियाने दाराला आतून कुलूप लावलं, किल्ली तिच्याकडे. मला बरंच वाटलं. आता पहिल्या प्रयोगाचा पडदा उघडला असेल.
पहिला अंक. फोन नाही.
वडिलांची जागा उजवीकडून तिसरी होती. तिथे आज कोणीतरी भाला धरून उभं असेल आणि बॉक्समधून दिसत असेल. बघायला मी नाही.
दुसरा अंक. मी फक्त वस्तुस्थिती लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहितो. मी प्रार्थना करतोय. देवाला मानत नाही, तरी. मागणं मोठं नाही. झुंबर नको, कोणाला लागायला नको. एखादी तार तुटू दे. जल्लादाचा मुखवटा सरकू दे. राणीचा एक सूर, एकच, घसरू दे. मी इथे आहे, कुलपात, आणि तरीही काहीतरी बिघडलं, एवढंच मला हवंय. बारा वर्षं जिच्यासाठी झिजलो तिचं वाईट चिंततोय. आजवर कोणाचं चिंतलं नव्हतं.
ती आता वधमंचाची पायरी चढत असेल.

२३ मार्च
काही बिघडलं नाही. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आहे. एकशे नव्वद वर्षांत पहिल्यांदाच राणीचं डोकं वेळेवर, टाळ्यांच्या कडकडाटात उडालं. रोझाल्बाला अकरा वेळा पडद्यापुढे बोलावलं. माझ्या इतिहासातल्या तळटिपाही छापल्यात. लेखकाचं नाव नाही. म्हणे जागा नव्हती.
सकाळी फोन आला, नुन्झियाने घेतला. दॉन आनिएल्लोंचा आनंदी आवाज मला इथवर ऐकू येत होता. आदोसिंदा असं, आदोसिंदा तसं, आज पुन्हा आदोसिंदा, रविवारी दुपारी आदोसिंदा! सगळं थिएटर मोठ्याने नाव घेतंय. मग आवाज एकदम कुजबुजीवर आला. त्यांनी विचारलं, आणि ते... ते गृहस्थ आजही घरीच आहेत ना?
नुन्झिया म्हणाली, हो, दाढी करतोय.
करत होतो. आरशातून तो माणूस माझ्याकडे बघत होता. माझा हात आपोआप नळाकडे गेला.
नळ प्लास्टिकचा आहे. नुन्झियाला हाक मारून लोखंडी किल्ली मागितली.