पांढरा पडलेला खडा

आप्पा, तुमच्या हातून पांढरा पडलेला तो खडा आज माझ्या खिशात आहे.

तो तुम्ही सुरतेत कोसाडच्या घरी आणलात तेव्हा मी चौथीत होतो. आई भाकरी थापत होती, तुम्ही हातपाय न धुताच खाली बसलात. जन्मभर हिरे घासलेला तुमचा हात. शेठने एकदाच निळा खडा दिला, आणि हिऱ्यासारखं वजन वाचेल ती बाजू धरून तुम्ही तो घंटीवर, घासायच्या चाकावर लावलात. वरून पाहिलं तर निळा रंग गायब, नुसतं पाणी. शेठ सगळ्यांसमोर म्हणाला, "लई जा, तारी बायडीने पहेराव." जा, घाल बायकोच्या अंगावर. "हाऊ खडा मरी गया, पोऱ्या," तुम्ही एवढंच म्हणालात. मी चिडून तो फेकायला उचलला तर मनगट धरलंत, "फेकू नको. त्याना काय गुन्हा?" पुढे तुम्ही गेलात. आईने कुंकवाची डबी बंद केली, त्यातच खडाही ठेवला.

कॉलेजात भूशास्त्राच्या लॅबमध्ये माझ्या शेजारी एक मुलगी बसायची. मी डबीतून नेलेला तो खडा तिने अतिनील दिव्याखाली धरला आणि आप्पा, तो असा निळा पेटला की मी उभाच राहिलो. ती हसली, "जो, तारा जेवोज छे! छेडा नहीं कि भडका." माझ्यासारखाच, म्हणे. सरांनी तपासून सांगितलं, बेनिटोइट. बेरियम, टायटॅनियम, सिलिका. दागिन्याजोगा असा खडा जगात एकाच जागी मिळतो, कॅलिफोर्नियातल्या डोंगरात. एका दिशेने निळा दिसतो, दुसरीने बिनरंगी. म्हणजे तुमच्या हातून रंग मेला नव्हता. तो फक्त कडेला सरकला होता, आणि हे सांगायला तुम्ही नव्हतात.

खडा मी तिलाच दिला. तिचं लग्न भेस्तानच्या मुलाशी ठरलं तेव्हा तिच्या भावाच्या अंगावर धावून गेलो, कॉलेजही सोडलं. तिने खडा कापसात गुंडाळून परत पाठवला, एक शब्द न लिहिता. आता पर्वत पाटियाच्या कापडबाजारात साड्यांचे गठ्ठे बांधतो.

आई अजून म्हणते, "त्या खड्यानंच त्यांना खाल्लं." तिला एकदा तो पेटलेला दाखवायचाय. तसला दिवा मला ठाऊक आहे तो कॉलेजातच. सर म्हणाले, आण आईला. परवा तिला नवं लुगडं नेसायला लावून कॉलेजच्या फाटकापर्यंत नेलं आणि तिथूनच मागे फिरवलं. वाटेत तिने विचारलं, "काय झालं रे?" मी खेकसलो, "लॅब बंद आहे!" ती नव्या लुगड्याचा पदर सावरत चालत राहिली.

हे पत्र टाकायला पेटी नाही, खड्यासोबत डबीत राहील.

लॅब उघडी होती, आप्पा. फाटकातूनच दिसलं, खिडकीजवळच्या आमच्या बाकावर ती बसली होती, खडा परत पाठवणारी.