अंगठ्याच्या नखावरची रेघ

ताई, तुमच्या उजव्या अंगठ्याच्या नखावरची ती रेघ मी पाहिली होती. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. बोलले तर कधीच नाही. दुपारी वर्ग सुटला, मुली हसत जिना उतरून गेल्या, आणि मग पार्लरमध्ये नुसता पंख्याचा आवाज राहिला. चहा करावा असं वाटलं, पण एकटीसाठी आधण ठेवायचा हल्ली कंटाळा येतो. म्हणून हजेरीच्या वहीतलं मागचं पान फाडलं आणि लिहायला बसले.

पिंपळे सौदागरला माझं स्वतःचं पार्लर आहे आता, आणि दुपारी दहा-बारा मुलींचा वर्ग. त्वचा, केस, नखं, याच क्रमाने शिकवते, थेरगावला तुमच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या पार्लरमध्ये शिकले तसंच. तुम्ही नववी शिकलेल्या, गावातल्या जुन्या घरातल्या सूनबाई, पण भिंतीवरच्या तक्त्यातला एकेक इंग्रजी शब्द तुम्हाला पाठ होता. तो म्हणून झाला की लगेच तुम्ही आपल्या भाषेत यायचात. वरचं कातडं रोज मरतं आणि खालून नवं येतं, त्याच्याखालच्या थरात घाम, रक्त आणि दुखणं राहतं, आणि सगळ्यात खाली चरबी, जी फक्त बायकांना नको असते. केस म्हणजे मेलेलाच, जिवंत आहे तो मुळाशी. म्हणून कापला तर दुखत नाही आणि उपटला तर डोळ्यांत पाणी येतं. हे सांगताना तुम्ही माझाच एक केस उपटला होता. मी ओरडले, वर्ग हसला, आणि मला तो धडा आजही शब्दन् शब्द येतो.

माझे वडील तेव्हा पिंपरीच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे. पार्लर शिकते म्हटल्यावर त्यांनी दोन दिवस अबोला धरला होता. पोरीनं नोकरी करावी, दुसऱ्याचे पाय धुवू नयेत, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही आमच्या घरी आलात, आईच्या ओट्याशी उभ्या राहून चहा घेतलात आणि वडिलांचा हात सरळ हातात घेऊन बघितलात. ऑइलनं काळवंडलेला तळवा, कडेला चिरा. तुम्ही म्हणालात, ह्या हाताला रोज रात्री खोबरेल लावा, तुमच्या लेकीला येतं आता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला अडवलं नाही. त्या दिवशी मी तुमची झाले, ताई.

आणि तुमचा राग! सहा महिन्यांनी मी एका बाईंच्या नखांवर जुन्या रंगावरच नवा हात फिरवला. घाई होती, गिऱ्हाईक ताटकळलं होतं. तुम्ही त्यांच्यादेखत कापूस घेतलात, सगळा रंग पुसलात आणि मला म्हणालात, "नख उघडं बघितल्याबिगर रंग लावायचा न्हाई. रंग लावाय कुनालाबी येतंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र खूश झाल्या, पुढे वर्षभर माझ्याकडेच यायच्या.

मंगळवारी केस कापायला कोणी यायचं नाही, त्यामुळे पार्लर ओस. मग तुम्ही आम्हाला एकमेकींचे हात करायला बसवायचात आणि स्वतःचा हात माझ्यापुढे ठेवायचात. मलाच का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही दुसरीपुढे ठेवला असतात. तुम्ही गिऱ्हाइकांच्या केसांना काळी मेंदी हातमोज्याशिवाय लावायचात. मोजे घातले की डोक्याची कातडी बोटांना कळत नाही, हे तुमचं म्हणणं. त्यामुळे तुमची बोटं कायम डागाळलेली, आणि आम्हा सगळ्यांचीच तशी. आमच्या धंद्यात काळ्या नखाकडे कोण बघतंय?

त्या मंगळवारी, दिवाळीच्या आधी, मी तुमचा रंग पुसला तर उजव्या अंगठ्यावर रेघ दिसली. तपकिरी, सुतासारखी, मुळापासून टोकापर्यंत. तुम्ही हात उजेडाकडे नेलात, डोळे बारीक केलेत. चष्मा लागला होता, पण लावायचा नाही, असा तुमचा हट्ट. मला विचारलंत, "काय गं, ह्यो कसला डाग हाय?"

"काळी मेंदी आहे ताई. जाईल."

तुम्ही मान डोलावलीत. बाकीच्या मुलींना म्हणालात की हिची नजर लई बारीक. मला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. मी मरून रंगाचे दोन हात दिले आणि रेघ दिसेनाशी झाली.

इथवर चूक म्हणता येईल, तेवढी मी स्वतःला माफ केली आहे. पण नखाचा धडा मी तुमच्याकडूनच शिकले होते. नख मुळाशी तयार होतं आणि हळूहळू पुढे सरकतं, अंगठ्याचं अख्खं नवं यायला सहाएक महिने लागतात. वरून लागलेला डाग नखाबरोबर पुढे जातो आणि मागून कोरं नख येतं. माघ उजाडला तरी तुमची रेघ मुळाशीच होती. जरा रुंद झाली होती आणि नखामागच्या कातडीवरही सावळी झाक आली होती. मी ते बघितलं, मला ते कळलं, आणि मी गप्प बसले. लग्नसराई होती. शिवाय बारीक नजरेची मुलगी मी, आता कुठल्या तोंडाने सांगू की तेव्हा चुकले? मी रंगाची बाटली हलवली आणि पुन्हा दोन हात दिले. असे किती मंगळवार गेले, ते मला मोजायचं नाही.

नख फाटून दुखायला लागलं तेव्हा तुम्ही डॉक्टरकडे गेलात. नखाखालचा कॅन्सर निघाला. अंगठा काढला, मग काखेतली गाठ काढली. हॉस्पिटलमध्ये मी भेटायला आले तेव्हा तुमच्या सूनबाई उशाशी बसून मोसंबी सोलत होत्या. त्यांनी सहज विचारलं, आई, इतके दिवस कोणाच्या लक्षात कसं नाही आलं? मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, नीट बघितलंत, आणि म्हणालात, "मीच म्हनले हुते हिला, मेंदीचा डाग हाय, लाव रंग."

तुम्ही खरंच विसरला होतात, की जाणूनबुजून मला पाठीशी घातलंत, हे मला आजवर कळलेलं नाही. तेव्हा विचारता आलं असतं. सूनबाई पाणी आणायला बाहेर गेल्या, आपण दोघीच होतो. तुम्ही डावा हात चादरीबाहेर काढलात आणि म्हणालात की ह्याला तरी रंग लाव. मी पर्समधून बाटली काढली. पाचही नखं आधी उघडी बघितली. तुम्ही हसलात. मी रडले नाही, विचारलंही नाही.

तुम्ही गेल्यावर मला हात धरून काही दाखवणारं कोणी राहिलं नाही. वडील गेले, आई गेली, लग्नाचं राहून गेलं. दिवसभर मी लोकांचे चेहरे, टाळू, टाचा हातात घेते, आणि मला मात्र महिनोन्‌महिने कोणाचा हात लागत नाही. स्वतःचे केस स्वतःच रंगवते, मागचा भाग राहतो. मुली मागून बघतात, सांगत नाहीत. मला सगळ्या मॅडम म्हणतात.

दर बॅचला नखाच्या धड्यात मी तुमची गोष्ट सांगते. मुळापासून निघालेली काळी रेघ दिसली तर रंग लावू नका, गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे पाठवा. त्या गोष्टीत मेंदीचं वाक्य तुमच्या तोंडी असतं. हॉस्पिटलमध्ये तुम्हीच तसं म्हणाला होतात ना, मग मी खोटं कुठे बोलते, अशी स्वतःची समजूत घालते. आज चाकणहून येणारी एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या ताईंना तर सगळं येत होतं म्हणता, मग एवढं साधं कसं नाही कळलं?" माझ्याआधी तिच्या शेजारचीच म्हणाली, "जुनी बाई गं ती, शिकलेली कुठं होती."

कोणीतरी हसलं. मी खडू उचलला आणि फळ्यावर नखाची आकृती काढायला लागले. तुम्हाला कोणी अडाणी म्हटलं असतं तर पूर्वी मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. आज माझी पाठ वर्गाकडे होती आणि हात नेहमीसारखा फिरत होता.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवीन. फक्त एवढंच लिहायचं राहिलं, ताई. ती मुलगी तसं बोलली तेव्हा मला राग आला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.